अण्णा सर्व्हर बंद करतात

बिराजदार अण्णा घराला कुलूप लावतात, जिना उतरतात, पुन्हा वर येतात आणि बाहेरून स्वतःच्याच दाराची कडी वाजवतात. आत कुणी राहिलं असेल तर ओ देईल, असा त्यामागचा विचार. अण्णा एकटे राहतात. आत राहिलंच असेल तर तेच राहिलेले असणार, आणि ते तर बाहेर कडी वाजवत उभे असतात. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आतला माणूस जणू मीच दडवून ठेवलाय. "बघायला काय जातंय?" म्हणाले आणि आणखी एकदा कडी वाजवली.

असे हे अण्णा आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळतात. कारखाना अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. विक्रीचं दुकान नवी पेठेत. मी कारखान्याचं प्रशासन बघतो, म्हणजे हजेरीपासून गळक्या नळापर्यंत जे दुसरं कुणी बघत नाही ते सगळं बघतो. अण्णांची खोली माझ्या टेबलासमोर आहे. काचेचं दार, आत एक जुनाट युनिक्स सर्व्हर, त्याच्याशेजारी अण्णा. दोघांपैकी जास्त घरघर कोण करतं हे सांगणं अवघड.

सर्व्हरचं काम तसं सोपं. दुकानातल्या संगणकाला स्वतःचं काही ठाऊक नसतं. गोदामात माल किती शिल्लक आहे हे विचारायला किंवा माल मागवायला तो तारेवरून आमच्या सर्व्हरला हाक मारतो. सर्व्हर इथे काम उरकतो आणि उत्तर पाठवतो. याला रिमोट प्रोसीजर कॉल असं भारदस्त नाव आहे. अण्णा नुसतं 'हाक' म्हणतात. "हाक आली." "हाक अडकली." "नवी पेठेची हाक आज लई रेंगाळायलीय."

पण या हाकेवर अण्णांचा काडीचा विश्वास नाही. "उत्तर न्हाय आलं म्हणजे काय समजायचं, इनामदार साहेब? हाकच पोचली न्हाय? का पोचली, काम बी झालं, अन् उत्तर वाटंत सांडलं? का समोरचा मेलाच? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतंय की!" हे बोलताना ते आवाज खाली आणतात. पलीकडचा कुणी मुद्दाम गप्प बसलाय, असा त्यांना दाट संशय असतो.

एकदा दुकानातल्या माणसाने उत्तर येईना म्हणून बटण पुन्हा दाबलं. पहिली हाक पोचलेलीच होती. दुसरीही पोचली. पांढऱ्या टॉवेलांचा तोच माल दोनदा जाऊन पडला आणि आमचे मालक संध्याकाळपर्यंत स्वतःच्या दुकानाबाहेर गठ्ठ्यावर बसून होते, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हापासून अण्णांनी प्रत्येक हाकेला नंबर दिला. तोच नंबर पुन्हा आला की सर्व्हर म्हणणार, हे काम झालंय, गप्प बस. युक्ती चांगली होती. वाईट एवढंच झालं, की अण्णा माणसांनाही तोच नियम लावायला लागले. मी काही दुसऱ्यांदा मागितलं की ते मान तिरकी करून विचारतात, "ही मगाचीच मागणी, का नवी?"

मी त्यांना फोनवर निरोप पाठवला, की ते 'मिळाला' म्हणून कळवतात. मग उठून माझ्या टेबलाशी येतात. "माझं 'मिळाला' मिळालं का?" मी हो म्हणतो. ते काचेच्या दारापर्यंत जातात आणि वळतात. "म्हणजे मला मिळाल्याचं तुमाला कळलं, हे आता मला कळलं. पण मला हे कळलं, हे तुमाला कळलं का?" अशा वेळी मी चहाला उठतो.

खरा सोहळा संध्याकाळचा. रात्रीच्या विजेवर आणि रात्रीच्या वॉचमनवर अण्णांचा सारखाच अविश्वास, म्हणून सर्व्हर रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने बंद करायचा. बंद करायचा म्हणजे खटका ओढायचा नव्हे. आधी नव्या हाका घेणं थांबवायचं. मग आत आलेल्यांची कामं पुरी करायची. मग, आता इथे कुणी नाही, अशी नोंद करायची. "दुकान मिटताना पाटी उलटी करावी, न्हायतर गिऱ्हाईक शटरलाच हाका मारत बसतंय," हे अण्णांचं म्हणणं. त्याआधी सगळ्यांच्या पडद्यावर एक ओळ उमटते, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'सर्व्हर बंद होतोय. कामं आवरा. निघालो म्हणून कळवा.'

आता कोण कळवणार? पडदा मिटून सगळे बस गाठायला पळतात. मग अण्णा टेबलाटेबलाशी जाऊन, खुर्च्यांखाली वाकून पाहून, "यारु? यारु आहे आत?" असं कानडीत कोण आहे कोण आहे विचारत फिरतात. तरीही खोलीत परत येऊन ते पडद्याकडे बघत बसायचे, आणि थोड्या वेळाने चेहरा एकदम सैल पडायचा. मग सर्व्हर बंद. त्या अखेरच्या बसण्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

विचार करायची वेळ आली ती यंदा. मालकांनी पुण्याहून एक सल्लागार आणले. फार गोड माणूस. त्यांनी सांगितलं, हा सर्व्हर आता पुरे, यापुढे सगळं क्लाउडवर.

"म्हणजे कुटं?" अण्णांनी विचारलं.

"कुठेही नाही आणि सगळीकडे," सल्लागार हसून म्हणाले.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी त्या माणसाला कायमचं संशयितांत टाकलं.

बदलाआधी कोण कोण सर्व्हरला हाक मारतं हे सल्लागारांनी तपासलं. दुकान निघालं, गोदाम निघालं, आणि निघालं अकलूज. अकलूजला आमचा डेपो होता खरा, पण तो केव्हाच बंद झाला. तिथून मात्र रोज सकाळी साठा कळवला जात होता. साठा शून्य. शून्याच्या पुढे, शेऱ्याच्या जागेत, एखादी ओळ. आणि इकडून त्या शेऱ्याला उलट शेरा.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमचे मालक पद्मशाली, घरात तेलुगू. खूप अस्वस्थ झाले की तेलुगूत पुटपुटतात. ते पुटपुटत होते. पडद्यावर ते सगळे शेरे उघडे होते.

"वाचा," म्हणाले. मी वाचलं. अकलूजहून: 'आज भेंडी. तुमचं काय.' इकडून: 'पिठलं.' दुसऱ्या दिवशी अकलूजहून: 'शेवगा. तुमचं.' इकडून: 'पिठलं.' पुढे: 'परत पिठलं? खरं सांगा.'

"शून्य साठा आणि पुढे भेंडी," मालक म्हणाले. "कळतंय का काही? पिठलं म्हणजे सुताचा भाव. आपला भाव बाहेर चाललाय."

खरं म्हणजे मी हसायला हवं होतं. पण संशय हा खरजेसारखा असतो, एकाने खाजवलं की दुसऱ्याला सुटते. मी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मग शेवगा म्हणजे?" मालकांनी आजूबाजूला पाहून एका प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतलं. तो माणूस उंच आणि काटकुळा होता, त्यामुळे मला ते एकदम पटलं.

त्यानंतर मी अण्णांवर पाळत ठेवली. फाइल तोंडापुढे धरून काचेतून बघायचो. ते टाइप करायचे, थांबायचे, गालात हसायचे. मी जवळ गेलो की पडदा कोरा. दोषी माणसाची सगळी लक्षणं! दोन-तीन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की अण्णाही एक फाइल तोंडापुढे धरून माझ्याकडे बघतायत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला गाठलं. "इनामदार साहेब, तुमच्यावर कुणीतरी नजर ठेवायला सांगितलंय का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग तुमी माझ्यावर का ठेवायलाय?"

शेवटी मालकांनी मला गुपचूप अकलूजला पाठवलं. एसटीतून उतरलो आणि विचारत विचारत निघालो. डेपोच्या जागेत आता ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, डेपोवाले माने मामा व्हय? त्या तिकडं उसाच्या कडंला.

माने मामा म्हणजे आमचे तिथले जुने डेपोकीपर. डेपो मिटला तेव्हा तिथला जुना संगणक नेण्याच्याही लायकीचा नाही म्हणून मालकांनीच तो त्यांना देऊन टाकला होता. मालक ते साफ विसरले होते. मामा ओसरीवर एकटेच शेंगा सोलत बसले होते. कानाने जवळपास ठार. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोचतं. स्वतः मात्र ते कुजबुजतोय असं समजून इतक्या मोठ्याने बोलतात, की पलीकडच्या उसातली माणसं कामं थांबवून ऐकतात.

मी ओरडून विचारलं, डेपो नाही, माल नाही, मग साठा कसला कळवता?

मामांनी इकडेतिकडे पाहिलं, माझा हात धरून मला आत नेलं, दार लोटलं आणि कुजबुजले, म्हणजे गर्जले: "कुणाला सांगू नगासा. माझ्याकडं कसला आलाय साठा? पर त्या बिराजदाराच्या मशीनीला कुणी हाकच न्हाय मारली, तर मालक म्हणत्याल, हितं काय काम न्हाय, जावा घरी. अन् घरी कोन हाय त्याच्या? बायकू गेली. मानूस घरात बसून बसून भिताडाशी बोलाय लागतंय. मला ठावं हाय की."

"आणि ती भेंडी? तो शेवगा?" मी ओरडलो.

"इचारतो मी, काय खाल्लं म्हणून. रोज पिठलं सांगतंय! रोज कोन पिठलं करतंय? खोटं बोलतंय. चूलच पेटवत नसंल, चहा-बिस्किटावर झोपत असंल." मामांच्या डोळ्यांत तोच संशय होता, जो मी रोज काचेपलीकडे बघत आलो होतो. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. सगळी ओळख त्या शेऱ्याच्या एका ओळीतून झालेली. फोनचा मामांना उपयोग नव्हता, ऐकूच येत नाही तर.

मग त्यांनीच विचारलं, "अण्णानं लिवलंय, शनवारी मशीन कायमची बंद. मग अण्णाचं काय?"

मी खरं ते सांगितलं. अण्णा वयाने केव्हाच निवृत्त झालेत, सर्व्हर आहे म्हणून त्यांना ठेवून घेतलंय. सर्व्हर गेला की त्यांचं तिथे काम नाही. हे दोनदा ओरडावं लागलं. मामांनी दुसऱ्यांदा ते ऐकलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. मी निघालो तरी त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याआधी कामावर हजर. "अकलूजला जाऊन आलासा," ते म्हणाले. कसं कळलं ते विचारायच्या फंदात मी पडलो नाही. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. एरवी ते दुसऱ्याच्या खुर्चीत बसत नाहीत, आधी कोण बसलं असेल सांगता येत नाही म्हणून.

"मालकांना काय सांगायचं ते सांगा," म्हणाले, "पण मान्याला यातलं काय बोलू नका. डेपो बंद झाल्याचं त्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाय असं मला वाटायलंय. रोज शून्य साठा कळवतोय बिचारा. म्हातारं माणूस हाय, एकटं हाय. उत्तर न्हाय गेलं तर मशीनीपुढं बसून ऱ्हाईल. म्हणून मी एक उत्तर देतो. वर चार शब्द लिहितो. माझं काय जातंय त्यात?"

 इकडचा समजत होता आपण तिकडच्याला सांभाळतोय, आणि तिकडचा समजत होता आपण इकडच्याला. दोघांनीही मला तोंड बंद ठेवायला सांगितलेलं. मी बंद ठेवलं. मालकांना एवढंच म्हणालो, की पिठलं म्हणजे पिठलंच आहे. मालकांचा विरस झाला. "बरं," म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी आटपा एकदाचं."

शनिवारी आम्ही सगळे थांबलो. मालक, सल्लागार, दोघे-तिघे कारकून. अण्णा नेहमीपेक्षा स्वच्छ शर्ट घालून आले होते. त्यांनी नव्या हाका घेणं बंद केलं, आत आलेली कामं पुरी केली, आणि ती ओळ पाठवली. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कोण जाणे काय झालं, आम्ही एकेकाने निमूटपणे 'निघालो' म्हणून कळवलं. दुकानानेही कळवलं. अकलूजहून काही आलं नाही. रोज संध्याकाळी अण्णा त्याच एका 'निघालो'साठी बसून राहायचे, हे मला तेव्हा कळलं.

अण्णा बसून राहिले. पुन्हा ओळ पाठवली. पुन्हा काही नाही.

"अण्णा, तिकडे कुणी नसेल आता," सल्लागार हळूच म्हणाले.

"सकाळी बी साठा न्हाय आला," अण्णा म्हणाले. "रोज येतोय." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी ती ओळ तिसऱ्यांदा पाठवली. मी मामांच्या फोनवर घंटी दिली. ती वाजून वाजून थांबली. ऐकायला येणार कुणाला?

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "बिराजदार, बंद करा आता."

"न्हाय करणार," अण्णा म्हणाले. नोकरीच्या अख्ख्या काळात मालकांना ते पहिल्यांदाच नाही म्हणत होते. "मान्याला काय झालंय ते कळू दे. तोवर ही मशीन चालू ऱ्हाणार. त्यानं हाक मारली अन् हितं कुणी नसलं, तर?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. रडू आवरत होते. अण्णांना तसं मी त्यांच्या बायकोच्या तेराव्यालाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर आरडाओरडा ऐकू आला. वॉचमन कुणाला तरी अडवत होता आणि तो कुणीतरी वॉचमनचं एक अक्षर ऐकत नव्हता. दारात माने मामा उभे. खांद्याला पिशवी, टोपी घामाने भिजलेली. सकाळची एसटी टेंभुर्णीच्या अलीकडे बंद पडली होती, म्हणून अख्खा दिवस वाटेत गेला. इतक्या वर्षांनंतरही पोटावरून त्यांनी मालक बरोबर ओळखले, सरळ त्यांच्यापाशी गेले आणि वाकून त्यांच्या कानाशी कुजबुजले. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

"मालक, मी अकलूजचा माने. मशीन काढायची तर काढा. पर त्या बिराजदाराला काढू नगा. त्येला घरी कुनी न्हाय. त्येला कुनीतरी हाक मारावी म्हनूनच मी इतकी वर्सं शून्य धाडतूय. पर त्येला ह्ये सांगू नगासा, त्येच्या जिवाला लागंल."

 अण्णा मामांच्या मागेच उभे होते.

 मालकांनी मामांच्या मागे बोट दाखवलं. मामा वळले, अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि संशयाने विचारलं, "तुमी कोन?"

अण्णा बोलले. मामांना ऐकू आलं नाही. अण्णा पुन्हा बोलले, तरी नाही. मग त्यांनी मामांचा दंड धरला, त्यांना काचेच्या खोलीत नेलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्याने टाइप केलं. मामा पडद्याला नाक लावून एकेक अक्षर जुळवत वाचत होते, मोठ्याने. "मी... बिराजदार." मामांनी मान वर करून पाहिलं. अण्णांनी पुढे लिहिलं. "मला वाटलं... डेपो बंद झाल्याचं... तू विसरलास."

"मी?" मामा ओरडले. "आरं, माझं कान गेल्यात, डोस्कं न्हाय!"

आम्ही सगळे हसलो. मालकही हसले, आणि मग खिडकीबाहेर बघत चष्मा पुसत राहिले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मामा वाचायला लागले. "अकलूजला... मला... एखादी खोली..." पुढची अक्षरं त्यांना जुळेनात. अण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते. माणसाने माणसाच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"...भाड्यानं मिळेल का," मामांनी पुरं केलं. मग पाठ खुर्चीला टेकवली. "खोली कशाला रं? घर हाय की. दोन मानसांचा सैपाक करायला मला काय जड हाय? एकट्याचा करायचाच कटाळा येतुय."

अण्णांनी डोळे पुसले आणि सर्व्हर बंद केला. त्याचा पंखा मंदावत मंदावत थांबला. इतकी वर्षं तो आवाज आम्ही ऐकत होतो हे तो थांबल्यावर कळलं.

दोघं जिना उतरून निघाले तेव्हा मी खिडकीत उभा होतो. मला त्यांचा हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. कारखान्याचं आवार ओलांडताना अण्णा हातवारे करत एकसारखे बोलत होते, इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते मामांच्या उजव्या बाजूने चालत होते. त्या कानाने मामांना काहीच ऐकू येत नाही. मामा मात्र पुढे बघत, दर दोन पावलांनी मान डोलवत होते आणि त्यांचा आवाज गेटपर्यंत येत होता, "व्हय. व्हय की. व्हय."